काचघरातल्या बावीस पाट्या: प्रकल्प नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४

आजपासून काम धरलं. तालुक्याच्या बागेत काचघर आहे, त्यात बावीस प्रकारची ऑर्किडं आहेत आणि एकाही कुंडीवर धड वाचता येईल अशी पाटी नाही. होत्या त्या दोन उन्हाळ्यांत कोऱ्या झाल्या. बघायला येणारा माणूस सगळ्यांना मिळून एकच नाव देतो: 'ते लग्नातलं फूल'. बावीस फोटो, बावीस पाट्या, पावसाळ्याच्या आत, असं ठरलं. छपाईचा खर्च बाग देणार, फोटो माझे फुकट; एरवी मी लग्नाचे फोटो काढतो. धान घरात येईपर्यंत आमच्या झाडीपट्टीत लग्नांची गर्दी नसते, त्यामुळे फुकटच्या कामाला सध्या वेळ आहे.

सामान: लग्नाचाच कॅमेरा, नागपूरहून आणलेली जुनी १०० मिमी मॅक्रो लेन्स, ट्रायपॉड, मागे धरायला काळ्या मखमलीचा तुकडा, उजेड परतवायला थर्माकोल.

काचघर सांभाळणाऱ्या माळीमामांनी प्रत्येक झाडाला स्वतःचं नाव दिलेलं आहे. पांढरं फॅलेनॉप्सिस म्हणजे 'नवरी'. पॅफिओपेडिलम म्हणजे 'चप्पल'. पिवळं झुबकेदार ऑन्सिडियम 'नाचनारी'. आणि कोपऱ्यात टांगलेलं हिरवट, लोंबत्या पाकळ्यांचं एक आहे, ते 'शिंपली'. सगळी वहीत उतरवून घेतली. पाटीवर चालायची नाहीत, पण कुंडी शोधायला हीच कामाला येतात.

२४ नोव्हेंबर

गारठ्यात १४ किलोमीटर मोटारसायकल हाकून साडेसहाला पोचलो. आत पाऊल टाकलं आणि लेन्सवर धुकं. पुसलं की पुन्हा. थंड काच दमट हवेत नेली की दुसरं काय होणार. पुढच्या वेळेसाठी: बाहेरच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायचा, पिशवीसकट आत ठेवायचा आणि अर्ध्या तासाने उघडायचा. दव पिशवीवर बसतं.

आज तो अर्धा तास नुसतं बघत बसलो. ऑर्किडची मुळं कुंडीबाहेर, हवेत लोंबत असतात. चुना फासल्यासारखी पांढरट. मामांनी फवारा मारला आणि डोळ्यांदेखत ती हिरवी झाली. मुळावर मेलेल्या पेशींचं स्पंजासारखं आवरण असतं. कोरडं असताना त्यात हवा भरलेली असते म्हणून पांढरं दिसतं. पाणी शोषलं की आतला हिरवा रंग झळकतो. मामांना एवढं पुराण नको असतं. "पांढरं दिसलं का पानी, हिरवं दिसलं का नाई. बस."

८ डिसेंबर

कुंडी १, डेंड्रोबियम सोनिया. जांभळं-पांढरं. हे फूल मी आजवर हजारांनी टिपलं असेल, त्याच्याकडे न बघता. नागपूरच्या हॉलांतल्या स्टेजच्या कमानी याच फुलांच्या असतात. हा संकर आहे; थायलंडमध्ये त्याची शेती होते आणि तोडलेल्या दांड्या विमानाने इकडे येतात. झाडावर उमललेलं आज पहिल्यांदा पाहिलं. खोड उसासारखं पेरांचं. कमानीत तीन दिवस टिकलं तरी लोक खूश असतात, इथे तोच घोस मी आलो त्या दिवसापासून आहे.

घरी येऊन फोटो उघडले तर सगळे हिरवे. काचेवर हिरवी शेडनेट ताणली आहे, तिचा रंग फुलावर उतरतो. पांढरी पाकळी कच्च्या पेरूसारखी दिसते.

१५ डिसेंबर

ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायचं राखाडी कार्ड, घेऊन गेलो. प्रत्येक कुंडीपाशी आधी कार्डाचा फोटो, मग फुलाचा. पांढरा रंग आता पांढरा येतो, पण नेटच्या सावलीचे चौकोन पाकळीवर राहतात. मामांनी एक जुनं पांढरं धोतर दोन बांबूंवर ताणून वर धरलं. शहरात असल्या गोष्टीला चार हजार रुपये लावतात.

नवरीला दांडा फुटला आहे. फॅलेनॉप्सिसला गारवा लागतो. सतत २८ अंशांच्या वर ठेवलं तर पानंच वाढत राहतात, दांडा येत नाही. गारव्याच्या बाबतीत आमचा डिसेंबर सढळ आहे.

१२ जानेवारी २०२५

आजचा अख्खा दिवस 'चप्पल'वर घालवला आणि पश्चात्ताप नाही.

ऑर्किडची एक पाकळी बाकीच्यांपेक्षा वेगळी असते, तिला ओठ म्हणतात. पॅफिओपेडिलमचा ओठ म्हणजे चपलेच्या पुढच्या भागासारखी, आत पोकळ अशी पिशवी. किडा कडेवरून आत घसरतो. आतली बाजू गुळगुळीत, आल्या वाटेने परत चढता येत नाही. मागच्या बाजूला केसांची शिडी असते, तिथून वर जाणारी एक अरुंद वाट सुटते. त्या वाटेवरून निघताना त्याच्या पाठीला पराग घासला जातो. सुटका होते, पण काम करूनच. मामा म्हणाले, "आमच्या सावकाराच्या वाड्यासारखं आहे जी. जाता येते, पन रिकाम्या हातानं निंगता येत नाई."

जवळून घेतलं की एफ ४ ला, म्हणजे लेन्सचं तोंड मोठं उघडं ठेवून, ओठाची कड तेवढी स्पष्ट, बाकी सगळं पुरणासारखं. तोंड लहान करून एफ ११ वर गेलो तर शटर मंदावतं, आणि मागचा मोठा एक्झॉस्ट पंखा फुलाला डुलवतो. शेवटी मामांनी पंखा दोन मिनिटं बंद ठेवला. फोकस कणाकणाने मागे नेत नऊ फोटो काढले आणि घरी कॉम्प्युटरवर ते एकमेकांवर बसवले. ओठावरची लव मोजता येते आता.

पाटीवर एक ओळ घालायची: जंगली पॅफिओपेडिलमच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे. सगळ्याच ऑर्किडांच्या व्यापारावर साइट्स या दुर्मिळ जिवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे, पण ही जमात त्यातल्या सगळ्यात कडक यादीत आहे. इतकी ओरबाडली गेली.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर बागेत जत्रा. ट्रायपॉडचे पाय पसरायला जागा नाही. एका आजीने विचारलं, "हे खरं आहे का पिलाष्टिक?" आणि उत्तराआधीच चिमटीत धरून पाहिलं. फोटो शून्य.

९ फेब्रुवारी

नवरी पूर्ण उमलली. एका दांड्यावर अकरा फुलं, सगळी एकाच बाजूला तोंड करून, पंगतीत बसल्यासारखी. फॅलेनॉप्सिस या शब्दाचा अर्थ 'पतंगासारखं', आणि संध्याकाळच्या उजेडात तो पटतो.

पांढऱ्या फुलाला कॅमेरा फसतो. समोर सगळं पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो काळवंडवतो. पांढऱ्या शालूच्या ख्रिस्ती नवरीच्या वेळी जे करतो तेच केलं: एक्स्पोजर एक पायरी वाढवलं. पाकळीवरच्या शिरा दिसायला लागल्या.

मामांनी फोटोसाठी पानांना खोबरेल तेल लावून ठेवलं होतं. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, पानांवर पांढरे डाग पडतात, ते झाकायला. पानं चकाकत होती. फोटो देखणे आले. तेलाने पानांची श्वास घ्यायची छिद्रं बुजतात हे मला माहीत होतं, तरी गप्प बसलो. फोटो चांगला येत असला की मी गप्प बसतो, ही जुनी खोड.

रात्री सोळा निवडक फोटो कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमना पाठवले. पाटीवरची नावं त्या तपासून देणार आहेत.

१३ फेब्रुवारी

सोळांपैकी चौदा परत. मॅडमचं म्हणणं एका ओळीत: फोटो सुंदर आहेत, पण हे कोण आहे ते कळत नाही.

दिवसभर राग होता. संध्याकाळी स्वतःचे फोटो त्यांच्या नजरेने बघायला बसलो. काळी मखमल मागे, त्यामुळे पान दिसत नाही. सगळी फुलं समोरून, त्यामुळे ओठाचा मागचा भाग दिसत नाही. आकार कळायला शेजारी काही नाही. दोन सेंटिमीटरचं ऑन्सिडियम आणि तळहाताएवढं कॅटलिया माझ्या फोटोत सारखंच मोठं. डाग तर मी सवयीने पुसलेच होते.

लग्नाच्या अल्बममध्ये माझं कामच ओळख पुसण्याचं आहे. फोड काढ, रंग एक घर उजळ कर, हनुवटी सावर. मुलीचा बाप विचारतो, "ही आपलीच पोरगी ना?" आणि खुशीने पैसे मोजतो. त्या धंद्यात पंधरा वर्षं काढली. इथे तोच हात आड आला.

मॅडमनी यादी दिली आहे. प्रत्येक झाडाचे पाच फोटो: समोरून, बाजूने, ओठ आणि स्तंभ (फुलाच्या मधला, पराग धरणारा दांडका) अगदी जवळून, पान-मूळ-खोड, आणि एक मोजपट्टी ठेवून. म्हणजे एकशे दहा.

१६ फेब्रुवारी

पहिल्यापासून सुरुवात. मखमल घरी ठेवली. मामांना तेल लावू दिलं नाही. पानं लिंबाचा रस घातलेल्या पाण्याच्या फडक्याने पुसली. चकाकी गेली, डाग बरेच गेले, आणि मामा दुपारपर्यंत बोलले नाहीत.

बाजूने बघायला लागल्यावर जे दिसलं ते तीन महिने डोळ्यासमोर होतं. फुलाच्या देठाला पीळ आहे. कळी असताना ऑर्किडचा ओठ वरच्या अंगाला असतो. उमलता उमलता देठ अर्धा फेर फिरतो आणि ओठ खाली येतो, किड्याला उतरायला पाट मांडल्यासारखा. जवळजवळ प्रत्येक कुंडीत हा पीळ दिसतो. शिंपलीत दिसत नाही. ती फिरतच नाही. तिचा ओठ वरच राहतो, काळपट जांभळा, खरोखर शिंपल्यासारखा, आणि अरुंद हिरवट पाकळ्या खाली लोंबतात. मॅडमनी लगेच नाव दिलं: प्रोस्थेकिया कॉक्लिआटा. मूळची मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडची, बेलीझ देशाचं राष्ट्रीय फूल. मामांच्या नावाला मॅडमनी पूर्ण गुण दिले, कारण कॉक्लिआटा हे नाव शंखशिंपल्यावरूनच आलं आहे.

नंतर एक चूक झाली. नवरीच्या एका फुलाचा स्तंभ जवळून घेताना मोजपट्टीचं टोक लागलं. टोकाची इवलीशी पांढरी टोपी उडाली आणि पट्टीला पिवळे दाणे चिकटून आले. ते परागपिंड. ऑर्किडचा पराग भुकटीसारखा उडत नाही, असा गठ्ठ्याने निघतो. दाणे सुटेनात. डार्विननेही ऑर्किडच्या फुलात पेन्सिलचं टोक घालून परागपिंड कसे चिकटून येतात ते पाहिलं होतं आणि १८६२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्याने मुद्दाम केलं, मी धांदरटपणाने. पट्टीवर चिकटलेल्या दाण्यांचा फोटो मात्र घेतला.

२० फेब्रुवारी

ते फूल मलूल होऊन मिटलं. शेजारची दहा तशीच ताजी. परागपिंड गेले की फुलाला वाटतं किडा येऊन गेला, आता दुकान उघडं कशाला. मामांनी न बोलता ते खुडून माझ्या हातात दिलं.

९ मार्च

कॅटलिया उमललं. गडद गुलाबी-जांभळा रंग कॅमेऱ्यात नेहमी फुटतो, लाल रंग उतू जातो आणि झालरीचे बारकावे सपाट होतात. थोडा काळोखा फोटो घेऊन नंतर उचलला, तेव्हा जमलं.

पाटीसाठी माहिती: विल्यम कॅटली नावाच्या इंग्रज हौशी माणसाच्या काचघरात हे उमललं, म्हणून वनस्पतितज्ज्ञ जॉन लिंडलीने त्याचं नाव दिलं. मूळ घर ब्राझील. एकोणिसाव्या शतकात विलायतेच्या श्रीमंतांना ऑर्किडांचं वेडच लागलं होतं. डेव्हनशायरच्या ड्यूकने १८३५ साली जॉन गिब्सन या आपल्या माळ्याला जहाजाने हिंदुस्थानात धाडलं, आणि तो मेघालयातल्या खासी टेकड्यांतून ऑर्किडं घेऊन परतला. हे मामांना वाचून दाखवलं. मामा म्हणाले, "माळ्याले जहाज? आमाले सायकलचा भत्ता नाई भेटत."

तिथल्या काचघरांचं काम ऊब धरून ठेवणं. बाहेर बर्फ, आत शेगडी. पुष्कळ वर्षं त्यांनी थंड डोंगरांतली ऑर्किडंही त्याच उकाड्यात कोंडली आणि ती मरत गेली. उष्ण देशातलं झाड म्हणजे त्याला ऊनच पाहिजे, असा समज. आपल्याकडे उलट. फेब्रुवारी सरला की काच हीच वैरीण.

३० मार्च, गुढीपाडवा

काचघराला सुट्टी, मी गावात. मोहफुलं वेचायला पहाटे आईबरोबर गेलो आणि आमच्याच बांधावरच्या मोहावर, डोक्याच्या वर दोन हात, घोस दिसला. पिवळसर-तपकिरी पाकळ्या, त्यांवर चौकटींची नक्षी, ओठ निळसर जांभळा. वास गोड, मोहाच्या वासातही वेगळा कळणारा. व्हँडा टेसेलाटा. बाबा याला बांडगूळ म्हणतात आणि दरवर्षी तोडायला निघतात. हे बांडगूळ नाही. बांडगूळ झाडाचा रस पितं, हे नुसतं बसतं. पोट हवेवर, पावसावर आणि सालीत अडकलेल्या कचऱ्यावर भरतं. बाबांना पटलं असं वाटत नाही, पण विळा खाली ठेवला.

गंमत नावात आहे. 'व्हँडा' हा आपलाच 'वंदा'. झाडावर वाढणाऱ्या झाडाला संस्कृतात हा शब्द आहे. संस्कृतचा अभ्यासक विल्यम जोन्सने तो उचलला, वनस्पतितज्ज्ञ रॉबर्ट ब्राऊनने १८२० साली वनस्पतिशास्त्रात पक्का केला. म्हणजे बाबा म्हणतात ते शास्त्राला धरून नसलं तरी नावाला धरून आहे. काचघरात कुंडी १९ मध्ये निळा संकरित व्हँडा आहे. निळ्या व्हँडांच्या संकरात बहुधा खासी टेकड्यांतल्या व्हँडा सेरुलियाचं रक्त असतं. वनस्पतितज्ज्ञ जोसेफ हूकरने १८५० साली तिथून या झाडाची सात माणसांची ओझी भरून इंग्लंडला पाठवली. जिवंत पोचली ती थोडीच.

मामा म्हणाले होते, गावाकडचं काही असलं तर घेऊन या. आणणार नाही. पाटी १९ च्या खालच्या कोपऱ्यात मोहावरच्या वंदाचा छोटा फोटो टाकतो.

२० एप्रिल

बाहेर ४४ अंश. एक भिंत ओल्या पॅडची, समोरच्या भिंतीत पंखे. आपल्या घरच्या कूलरचंच मोठं भावंड. बाहेरची कोरडी हवा ओल्या पॅडमधून खेचली जाते, पाण्याची वाफ होताना ती गार होते. विदर्भाची हवा कोरडी म्हणून हे चालतं. कोकणात चाललं नसतं. पंखा दोन मिनिटं बंद करा म्हटलं तर मामांनी साफ नकार दिला. "दोन मिंटात भट्टी होते. फोटो तुमचा, झाडं माझी."

दुपारी दीडला वीज गेली. जनरेटर आहे, डिझेल नव्हतं. कोणी आणायचं यावर कार्यालयात बोलणी चालू असताना मामांनी, त्यांच्या बायकोने आणि मी मिळून बारदानं भिजवून पॅडच्या भिंतीवर आणि फरशीवर टाकली, दारं उघडली, बादल्या ओतल्या. कॅमेरा पिशवीतच. पावणेपाचला वीज आली. दोन पॅफिओपेडिलम वाळली, कॅटलियाची पानं भाजली. आज मामांचे पाय सुजले होते.

जानेवारीतले 'चप्पल'चे नऊ फोटो आता त्या झाडाचे शेवटचे.

४ मे

नावांचा हिशेब: सोळा पक्की, सहा अडली. ती सहा संकरित आहेत आणि पुरवठा करणाऱ्याने कुंड्या पाठवताना चिठ्ठ्याच लावल्या नाहीत. पहिलं माणसाने केलेलं ऑर्किड-संकर १८५६ साली इंग्लंडमध्ये उमललं. आता त्यांची नोंद लाखाच्या वर गेली आहे. चिठ्ठी हरवलेल्या संकराचं नाव फोटोवरून सांगणं म्हणजे पोराच्या तोंडावरून आजोबाचं गाव सांगणं.

कार्यालयाचा आग्रह: पाटी रिकामी वाईट दिसते, काहीतरी लिहा. मी आणि मॅडम, दोघांनीही नाही म्हटलं. शेवटी ठरलं की सहा पाट्यांवर 'फॅलेनॉप्सिस संकर, नाव नोंदलेलं नाही' अशा धर्तीवर जेवढं खरं तेवढंच. खाली मामांचं नाव: 'काचघरात हिला नवरी म्हणतात.' हे मॅडमनी सुचवलं.

२५ मे

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला. छापखान्यातून नमुने आले. दुकानदाराने व्हँडाचा निळा रंग देवीच्या फ्लेक्ससारखा भडक केला होता आणि पानांवरचे डाग पुसले होते. "बेकार दिसत होते ना भाऊ." त्याच्यावर चिडायचा मला काही अधिकार नाही. रंग परत उतरवून घेतले, बावीस फाइली नव्याने दिल्या.

१५ जून

दोन पाऊस झाले. पाट्या लागल्या. मामांनी प्रत्येक पाटी वाचून घेतली, ज्यांवर त्यांची नावं आहेत त्या दोनदा.

कोपऱ्यात येऊन थांबले. पाटीकडे बघितलं, वर टांगलेल्या कुंडीकडे बघितलं, परत पाटीकडे. शिंपलीचा ओठ खाली, पाकळ्या वर. फोटो उलटा छापला होता. दुकानदाराला फोन लावला. म्हणाला, बाकी सगळी फुलं खाली ओठ करून आहेत, हे एकच उलटं होतं, म्हणून सरळ केलं. त्याचे पैसे लावले नाहीत.

"मंग कुंडीच उलटी टांगू का जी?" मामांनी विचारलं.

पाटी काढून आणली आहे. छापखाना सोमवारी.